पाटे बदलायच्या आधी काय काय बघायचं

बाबू, फोनवर तीनदा सांगून झालं आणि तीनदा तू विसरलास, म्हणून आता लिहूनच देतो. सेकंडहँड व्ही-क्रॉस पिकअप घेतलीस, मागून बसल्यासारखी दिसते, कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) वाटेवर खाली घासते, आणि तुला लगेच दोन इंच उंच करायचीय. कर की, पण आधी वजन कर.

खरंच, पहिलं काम पाटे, म्हणजे मागच्या एक्सलवरचे पट्ट्यांचे स्प्रिंग, शोधणं नाही, वजनकाटा शोधणं. साखळी-डिचोलीकडे खाणींमुळे काट्यांना तोटा नाही. हौद्यात रोज असतं ते सगळं असू दे, डिझेल फुल्ल, टूलबॉक्स, ग्रास कटर, तो तुझा जड लोखंडी रॅक, आणि आधी पूर्ण गाडी काट्यावर घे, मग फक्त मागची चाकं घे, मग हौदा रिकामा करून तेच परत. बाजारातले पाटे किलोवर मिळतात, म्हणजे रिकाम्या किंवा हलक्या गाडीसाठी वेगळे, कायम 300 किलो असेल तर वेगळे, कायम 500 असेल तर त्याहून जाड. इथे 'कायम' हा शब्द महत्त्वाचा. वर्षातून चार दिवस सुपारीची पोती भरतोस म्हणून 500 वाले घातलेस तर बाकीचे दिवस मागचा भाग खडकावर उड्या मारणार, आणि चाक हवेत असलं की फोर बाय फोर असून काय उपयोग. मी आधीच्या गाडीला हौसेने दोन पाटे जास्त घालून घेतले होते, चोर्ला घाटात पावसात रिकामी गाडी एका वळणावर मागून अशी सरकली की शेजारी बसलेली बायको बेळगावपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

जुन्याच पाट्यांना परत बाक मारून देतो असं कोणी म्हणेल, स्वस्तही पडतं. करू नको असं नाही, पण थोड्या महिन्यांत परत बसतात हे धरून चाल.

मग टेप घेऊन मोजमाप. जमिनीपासून नाही मोजायचं, टायरमधल्या हवेने आकडा बदलतो. चाकाच्या मधोमध, हबच्या केंद्रापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत. ती कड आधी बोटाने पुसून घे, आतल्या बाजूला लाल चिखल वाळून दगड झालेला असतो आणि त्यातच पाच-सहा मिलीमीटर जातात. चारही चाकांचे आकडे कागदावर लिहून डॅशबोर्डच्या खणात ठेव, नंतर काम बरोबर झालं की नाही ते त्याच कागदावरून कळणार.

शॉकअप पाट्यांबरोबरच घे, जुने ठेवायचा मोह नको. गाडी उंच झाली की चाक जास्त खाली लटकतं, आणि शॉकअप लांबीला कमी पडला तर एक्सलचा सगळा भार त्याच्याच डोळ्यावर येतो, मग तो तुटतो किंवा बुश फाडतो. उलट बाजूही बघ, चाक पूर्ण वर गेल्यावर आधी बम्प स्टॉपचं रबर टेकलं पाहिजे, शॉकअप आतून आपटता कामा नये.

आता लोक हमखास विसरतात ते. एका बाजूचं चाक पूर्ण लटकवून ब्रेकचा रबरी होज बघ, ताणला जात असेल तर लांब होज लागणार. तसंच एबीएसची वायर आणि हँडब्रेकची केबल. काही पिकअपना मागच्या ब्रेकचा लोड व्हॉल्व्ह असतो, चेसिसपासून एक्सलपर्यंत त्याची दांडी येते, गाडी उंच केली की त्याला वाटतं हौदा रिकामा आहे आणि तो मागचे ब्रेक कमी करतो. तुझ्या गाडीला तो असेल तर दांडी सेट करून घे. प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलला जाणाऱ्या दांड्याचा) कोनही बदलतो, ठराविक स्पीडला खालून घरघर आली तर मधल्या बेअरिंगखाली स्पेसर किंवा पाट्याखाली पाचर लागते. आणि खाली शिरलाच आहेस तर डिफचा (मागच्या एक्सलमधल्या डिफरन्शियलचा) ब्रीदर पाइप, म्हणजे हवा जायची-यायची नळी, वर चढवून घे. तापलेला डिफ ओहोळाच्या थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते, मग ऑइल काढलं की दुधाच्या चहासारखं दिसतं.

पाटे एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट नवेच घ्यायचे. जुने एकदा ताणलेले असतात, वर आपल्याकडची खारी हवा, पेडण्यात समुद्राजवळ राहणाऱ्याला तर सांगायलाच नको. नट सुटावेत म्हणून दोन रात्री आधीपासून गंज सोडवायचा स्प्रे मारत राहा. जॅकशिवाय दोन मजबूत लोखंडी स्टँड लागतील. चिरा चाकाला अडवायला ठेवलास तर ठेव, चेसिसखाली अजिबात नाही, जांभा दगड कधी फुटेल सांगता येत नाही. सगळे पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट काढायच्या आधी पाट्यांना दोन बाजूंनी सी-क्लॅम्प लाव, नाहीतर पाटे उसळतात आणि बोटं जातात. नव्या पाट्याची पुढची बाजू कुठली ते पेंटने खूण करून ठेव, कारण सेंटर बोल्ट मधोमध असतोच असं नाही.

यू-बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे, टॉर्क पान्यानेच आवळायचे, आकडा किटच्या कागदावर असतो. पाट्याच्या दोन टोकांचे, म्हणजे शॅकलचे (हलत्या कडीचे) आणि डोळ्याचे बोल्ट मात्र गाडी स्टँडवर असताना फायनल करू नको, चाकं जमिनीवर आणि वजन पाट्यावर आल्यावरच, नाहीतर बुश कायमचे पिळलेले राहतात आणि महिन्याभरात कुरकुरायला लागतात.

कागदपत्रांचंही बघ. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 आहे, आरसीतल्या तपशिलाशी आणि कंपनीच्या मूळ बनावटीशी न जुळणारे बदल चालत नाहीत, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी 2019 मध्ये तेच सांगितलं. म्हणून मोठ्या उंचीच्या नादाला लागू नको, आणि काम करायच्या आधी आरटीओत आणि इन्शुरन्सवाल्याला विचार. मागून उंच झाली की हेडलाइट खाली बघतात, ते पण सेट कर.

ट्रायल कुळागराच्या वाटेवरच घे. म्हादई किंवा मोलेच्या अभयारण्यात गाडी घालायचं डोक्यात आणू नको. आणि हे सगळं मे महिन्यात उरक, मिरग लागल्यावर चिखलात कोण झोपणार.

शंभर किलोमीटरला यू-बोल्ट परत आवळायचे, पाचशेला परत. मी पहिल्यांदा नाही आवळले. केरीच्या पुढे मागून टायर घासल्याचा आवाज, उतरून बघतो तर यू-बोल्ट ढिले, सेंटर बोल्ट तुटलेला आणि डावीकडचा एक्सल बोटभर मागे सरकलेला. गाडी क्रेनने आणली. टॉर्क पाना माझ्याकडे आहे, रविवारी येऊन ने, पण चवथीच्या आधी परत पाहिजे.