माउंटन लायन वाचवायचा तर आधी गोठ्याला छप्पर

लॉस एंजेलिसच्या डोंगरउतारांवर शेळ्या किंवा अल्पाका (लोकरीसाठी पाळला जाणारा, उंटाच्या कुळातला प्राणी) पाळत असाल, तर नुसत्या कुंपणावर विसंबू नका. माउंटन लायन म्हणजे प्युमा, अमेरिकेतलं मोठं रानमांजर; तो सुमारे साडेचार मीटर उंच झेपावतो. कोंडलेल्या जनावरांना पळता येत नाही, म्हणून एकाच रात्री अनेक मरतात आणि मग मालकाच्या रागापायी माउंटन लायनच्याच जिवावर बेततं. चारही बाजूंना वेल्डेड जाळी लावा, वरूनही जाळी किंवा पत्रा घाला. सूर्यास्ताआधी जनावरं आत, नीट उजाडल्यावरच बाहेर.

उंदरांना विष मात्र अजिबात घालू नका! रक्त गोठू न देणारं विष खाल्लेला उंदीर कोयोटी (कोल्ह्यासारखा रानकुत्रा) खातो, कोयोटीला माउंटन लायन. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधल्या पी-२२ या माउंटन लायनला २०१४ मध्ये खरूज झाली, अंगावरचे केस गळाले. तेव्हा त्याच्या रक्तात हेच विष सापडलं. त्यापेक्षा अर्ध्या इंचाची फटसुद्धा बारीक जाळीने बुजवा आणि सांडलेलं खाद्य रोज झाडून काढा.