कॉलेजच्या प्लेसमेंट मेळाव्याची तयारी : टेबलाच्या पलीकडून

नवी मुंबईत ऐरोलीतील एका कंपनीतर्फे मी अनेकदा प्लेसमेंट मेळाव्यातील टेबलामागे बसलो आहे. समोर रेझ्युमेंचा गठ्ठा असतो आणि एकेक विद्यार्थी उठून गेला की त्याच्या रेझ्युमेच्या कोपऱ्यात आम्ही दोन-तीन शब्द खरडतो : ‘एक्सेल बरे’, ‘नीट बोलतो’, ‘फिरतीला तयार’. संध्याकाळी तो गठ्ठा पुन्हा चाळताना चेहरे आठवत नाहीत; वाचले जातात ते हे शब्द. त्यामुळे त्या कोपऱ्यात आपल्याविषयी काय लिहिले जावे, हे विद्यार्थ्याने आधीच ठरवावे आणि बाकीची तयारी त्याभोवती करावी, असे माझे मत आहे.

येणाऱ्या कंपन्यांची यादी प्लेसमेंट सेलकडे काही दिवस आधी येते. ती मागून घ्यावी आणि त्यातल्या चार-पाच कंपन्या निवडाव्यात. आपल्या नवी मुंबई-ठाणे परिसरात कामाचे स्वरूप ठिकाणागणिक बदलते : ऐरोली आणि घणसोलीकडे आयटी व बॅक ऑफिस, रबाळे-महापे पट्ट्यात रसायने, औषधे आणि इंजिनिअरिंगचे कारखाने, न्हावा शेवा बंदरामुळे उरणच्या बाजूला मालवाहतूक आणि कस्टम्सशी निगडित कामे, तर ठाण्यात वागळे इस्टेट ही औद्योगिक वसाहत. कंपनी नेमके काय करते आणि तिथे आपल्या पदवीच्या मुलांना कोणते काम देतात, एवढे संकेतस्थळावर पाहून गेलात तरी पुरेसे आहे. ‘तुमची कंपनी काय करते?’ हा प्रश्न टेबलाशी येऊन विचारणारे दर मेळाव्यात भेटतात आणि त्यांच्या कोपऱ्यात काय लिहिले जात असेल, ते सांगायला नको.

रेझ्युमे एका पानाचा असावा. त्यात वडिलांचे नाव, धर्म, उंची, वैवाहिक स्थिती यांपैकी काहीही नको. ती लग्नाच्या बायोडेटाची सवय आहे. ‘कष्टाळू’, ‘टीम प्लेअर’ हे शब्द सर्वांच्याच कागदावर असल्याने कोणाच्याच उपयोगाचे नसतात. त्याऐवजी केलेले काम लिहावे. बी.कॉम.च्या एका मुलीने लिहिले होते की वाशीच्या मसाला मार्केटमधील मामांच्या गाळ्याची बिले ती टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरते आणि जीएसटी रिटर्नची माहिती तयार करून सीएंना देते. मी लगेच विचारले, ‘जीएसटीआर-१ आणि ३बी यांत फरक काय?’ तिने सांगितले की पहिल्यात विक्रीचा बिलवार तपशील जातो, दरमहा भरणाऱ्यांसाठी त्याची मुदत पुढच्या महिन्याची ११ तारीख; दुसऱ्यात गोषवारा देऊन कर भरायचा, त्याची २० तारीख, आणि मामा १९ तारखेपर्यंत काही हलत नाहीत. कोपऱ्यात मी ‘जीएसटी, प्रत्यक्ष काम’ असे लिहिले. तिची टक्केवारी आज मला आठवत नाही. उलट, जे लिहिले आहे त्यावरचा दुसरा प्रश्न झेपणार नसेल, तर ती ओळ काढून टाकलेलीच बरी.

स्वतःची ओळख अर्ध्या मिनिटात संपावी : नाव, शिक्षण, केलेले एक काम आणि या कंपनीत कोणत्या कामासाठी आलात ते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते, म्हणून ती पाठ केलेला परिच्छेद एका श्वासात म्हणतात आणि मध्येच अडवले की सगळे विसरतात. चार छोटी, साधी वाक्ये घरी मोठ्याने म्हणून पाहावीत. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकले, तर कुठे घाई होते ते आपले आपल्यालाच कळते.

पोशाखाबद्दल फार बोलण्यासारखे नाही. इस्त्रीचा साधा शर्ट किंवा कुर्ता आणि स्वच्छ पादत्राणे पुरतात. आपल्या दमट हवेत कोट चढवून घामाघूम होण्याची गरज नाही. रेझ्युमेच्या १५ प्रती आदल्या दिवशीच काढून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात, कारण मेळाव्याच्या सकाळी कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे सगळा वर्ग उभा असतो. मेळावा रविवारी असेल, तर ट्रान्स-हार्बर लोकल मार्गावर मेगाब्लॉक आहे का, हेही पाहून ठेवावे.

पहिल्या पसंतीच्या टेबलाशी सर्वात आधी जाऊ नये. दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीच्या ठिकाणी एकदा बोलून घ्यावे, म्हणजे घसा मोकळा होतो. शिफ्ट कोणती, कामाचे ठिकाण कोणते, बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) आहे का, हे प्रश्न निःसंकोच विचारावेत. पगाराचा आकडा सांगितला, तर तो सीटीसी (कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च) आहे की हातात येणारा, हे विचारणे उद्धटपणाचे नाही. सीटीसीत कंपनीने भरायचा भविष्यनिर्वाह निधीही बहुधा धरलेला असतो. मात्र नोंदणी शुल्क किंवा अनामत रक्कम कोणी मागितली, तर तिथून उठावे आणि प्लेसमेंट सेलला कळवावे.

टेबलावरून उठल्यावर बोललेल्या व्यक्तीचे नाव आणि झालेल्या बोलण्यातला एखादा मुद्दा लगेच वहीत टिपून ठेवावा, कारण दुसऱ्या दिवशी पाठवायच्या ईमेलमध्ये तोच उपयोगी पडतो. ईमेल चार ओळींचा असावा, सोबत रेझ्युमेची पीडीएफ असावी आणि फाइलला ‘फायनल न्यू २’ असे नाव न देता स्वतःचे नाव द्यावे. पुढचे काही दिवस अनोळखी क्रमांकावरून आलेले फोनही उचलावेत. लोकलच्या गर्दीत असाल, तर गोंगाटात तुटक उत्तरे देण्यापेक्षा ‘मी प्रवासात आहे, अर्ध्या तासाने मीच फोन केला तर चालेल का?’ असे विचारावे. याला नाही म्हणणारे मी तरी फारसे पाहिलेले नाहीत. फक्त तो अर्धा तास खरोखरच अर्धा तास असावा.