नेमसर्व्हर बदलले आणि मेल अर्धेच यायला लागले

शनिवारी रात्री मी एका संस्थेची वेबसाइट जुन्या होस्टिंगवरून नव्या होस्टिंगवर हलवली. फाइली चढल्या, डेटाबेस आला, साइट उघडली, आणि पूर्वीपेक्षा चटकन उघडली. खुशीत झोपले. सोमवारी सकाळी फोन: "मॅडम, मेल येत नाहीयेत. म्हणजे, काही येतायत, काही येत नाहीत."

ते वाक्य आठवलं की आजही पोटात गोळा येतो. पूर्ण बंद पडलेली गोष्ट शोधता येते. अर्धवट चालणारी गोष्ट माणसाला वेड लावते.

डोमेन वेगळं, होस्टिंग वेगळं, फाइली पब्लिक एचटीएमएल नावाच्या फोल्डरमध्ये टाकायच्या, वर्डप्रेस कसं बसवायचं, एवढं तुम्हाला माहीत आहे असं मी धरून चालते. नसेल तर एका दुपारचं काम आहे, त्यासाठी कुठला कोर्स लावू नका. माझं घोडं कुठे पेंड खात होतं, तेच फक्त सांगते.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. सर्व्हर म्हणजे काही दैवी वस्तू नाही, तो एक कॉम्प्युटर आहे. सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी पहिला वेब सर्व्हर ज्या नेक्स्ट कंपनीच्या मशीनवर चालवला, त्यावर लाल शाईने लिहिलेला कागद चिकटवलेला होता: हे मशीन सर्व्हर आहे, बंद करू नका. होस्टिंगचे पैसे भरताना आपण मुळात त्या कागदाचे पैसे भरतो. वीज, जोडणी, थंडावा, रात्री तीनला डिस्क गेली तर ती बदलणारा माणूस, हे सगळं त्यात आलं. आपला लॅपटॉपही साइट दाखवू शकतो, फक्त तो कधीच बंद न करण्याची हमी आपण देऊ शकत नाही.

आता ती घर आणि पत्त्याची उपमा. डोमेन म्हणजे पत्ता, होस्टिंग म्हणजे घर. मी हे इतक्या व्हिडिओंत ऐकलं की मला ते खरंच वाटायला लागलं, आणि त्यानेच मला बुडवलं. घर बदललं की पत्रव्यवहारही नव्या घरी येतो, बरोबर? इथे तसं नसतं. एकाच नावाखाली साइट एका ठिकाणी, मेल दुसऱ्या ठिकाणी आणि एखादा सबडोमेन (मुख्य नावाच्या आधी जोडलेलं उपनाव) तिसऱ्याच ठिकाणी नांदत असतो. कोण कुठे आहे हे एका वहीत लिहिलेलं असतं. त्या वहीला झोन म्हणतात आणि ती वही ज्याच्या टेबलावर असते तो नेमसर्व्हर. ए रेकॉर्ड सांगतो साइट कुठल्या आयपीवर, म्हणजे सर्व्हरच्या कुठल्या क्रमांकावर आहे. एमएक्स रेकॉर्ड सांगतो मेल कुठे द्यायचा. टीएक्सटी रेकॉर्डमध्ये एसपीएफ, डीकेआयएम वगैरे, म्हणजे या नावाने मेल पाठवायचा अधिकार कोणाला, त्याचे पुरावे.

मला बदलायची होती त्या वहीतली एक ओळ. मी अख्खी वहीच बदलली.

कारण साधं. नव्या होस्टिंगकडून स्वागताचा मेल आला, त्यात ठळक अक्षरांत दोन नेमसर्व्हर दिले होते आणि खाली लिहिलं होतं की हे तुमच्या डोमेनला लावा. मी लावले. आज्ञाधारक मुलगी. पण त्या नेमसर्व्हरवर जी नवी वही होती ती कंट्रोल पॅनेलने आपोआप तयार केलेली. तिच्यात ए रेकॉर्ड नव्या सर्व्हरचा, ठीक. एमएक्सही त्याच नव्या सर्व्हरचा! संस्थेचा मेल मात्र होता तिसऱ्याच एका मेल सेवेकडे. जुन्या वहीत त्या सेवेचा एमएक्स होता, चार टीएक्सटी होते. नव्या वहीत यातलं काहीच नव्हतं, कारण ते कोणी लिहिलंच नव्हतं. म्हणजे मी लिहिलं नव्हतं.

मग मेल अर्धे का आले? इथे जरा थांबून वाचा, कारण ही गोष्ट मला कोणी नीट सांगितली नव्हती. डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून ठिकाण शोधून देणाऱ्या या सगळ्या व्यवस्थेत, प्रत्येक उत्तराला टीटीएल असतो, म्हणजे हे उत्तर किती सेकंद लक्षात ठेवायचं. डॉट कॉमच्या वरच्या पातळीवर नेमसर्व्हरच्या नोंदीचा टीटीएल 1,72,800 सेकंद असतो. भागून बघा, बरोबर दोन दिवस. 'बदल पसरायला 24 ते 48 तास लागतात' हे जे सगळीकडे लिहिलेलं असतं, त्याच्यामागे हा आकडा आहे. खरं तर काहीच कुठे पसरत नाही. प्रोपगेशन हा शब्दच मला खटकतो. होतं एवढंच, की ज्याच्या त्याच्या कॅशमधली, म्हणजे तात्पुरत्या साठ्यातली, जुनी नोंद आपापल्या वेळेला शिळी होते, आणि मग तो नव्याने विचारतो. ज्या पाठवणाऱ्याच्या सर्व्हरकडे अजून जुनी नोंद होती, तो जुन्या वहीकडे गेला, त्याला खरा एमएक्स मिळाला, मेल पोचला. ज्याची नोंद शिळी झाली तो नव्या वहीकडे गेला आणि थेट माझ्या नव्या सर्व्हरच्या दारात उभा राहिला. तिथे त्या नावाचा मेलबॉक्सच नव्हता. सर्व्हरने ठणकावून सांगितलं: 550, असा कोणी इथे नाही.

आणि गंमत बघा, सर्व्हर बंद असता तर बरं झालं असतं. मेल पाठवणारा सर्व्हर समोरचा बंद दिसला तर रांगेत थांबतो, पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, चारपाच दिवस नाद सोडत नाही. पण 550 हा कायमचा नकार. तो मिळाला की मेल तिथल्या तिथे परत. संस्थेला काहीच कळलं नाही, कळलं ते पाठवणाऱ्यांना. त्यातल्या किती जणांनी पुन्हा पाठवला असेल, देव जाणे.

माझी पहिली ऊर्मी होती जुने नेमसर्व्हर परत लावायची. लावले असते तर आगीतून फुफाट्यात. ज्यांनी नवी नोंद घेतली होती ते आणखी बराच वेळ नव्या वहीकडेच जात राहिले असते. कामावरच्या एका सीनियरला फोन केला. त्यांनी उत्तर दिलं नाही, विचारलं, "डिगने एमएक्स काय दाखवतोय?" मी तोवर एमएक्स पाहिलाच नव्हता! साइट उघडतेय का हेच पुन्हा पुन्हा बघत बसले होते. डिग ही कमांड आहे, विंडोजवर एनएसलुकअप आहे. कुठल्या नावाचा कुठला रेकॉर्ड आत्ता काय आहे ते ती सांगते. नव्या नेमसर्व्हरला विचारलं तर एक उत्तर, जुन्याला विचारलं तर दुसरं. दोन्ही उत्तरं एकाखाली एक पाहिली आणि डोक्यात प्रकाश पडला. मागे न फिरता नवी वहीच दुरुस्त केली. दोन्ही वह्या सारख्या झाल्या की कोण कुठे जातो याने फरक पडत नाही. पॅनेलने दिलेला टीटीएल 14,400 होता, म्हणजे चार तास. संध्याकाळपर्यंत मेल सुरळीत.

मेंटॉरबद्दल माझं मत इथेच बनलं. याच्या आधी एक ओळखीचे गृहस्थ होते, काही अडलं की म्हणायचे पासवर्ड पाठव. दहा मिनिटांत काम व्हायचं आणि मी होते तिथेच राहायचे. पासवर्ड मागणाऱ्या गुरूपासून लांब राहा. तो वाईट नसतो, घाईत असतो, पण तुमचं शिकणं तो करून टाकतो.

आता हेच काम मी कसं करते. सगळ्यात आधी जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन अख्खी वही उतरवून घेते. बाहेरून डिग मारून सगळे रेकॉर्ड मिळत नाहीत; नाव माहीत असेल तरच उत्तर मिळतं, आणि डीकेआयएमचा रेकॉर्ड अशा नावाखाली असतो जे अंदाजाने सुचणार नाही. तो राहिला तर मेल जातो, पण बरेचदा समोरच्याच्या स्पॅममध्ये. 2024च्या फेब्रुवारीपासून जीमेल सगळ्याच पाठवणाऱ्यांकडून किमान एसपीएफ किंवा डीकेआयएम मागतं, तेव्हा हे 'नंतर बघू'मधलं काम राहिलेलं नाही.

मग आदल्या दिवशीच ए रेकॉर्डचा टीटीएल 300 वर आणते. आदल्या दिवशी, कारण जुना टीटीएल एक दिवसाचा असेल तर तो शिळा व्हायलाही एक दिवस लागणार. ऐन वेळी कमी करून उपयोग शून्य. आणि बदलते तो फक्त ए रेकॉर्ड. नेमसर्व्हरना हात लावत नाही, भले स्वागताच्या मेलमध्ये कितीही ठळक लिहिलेलं असो. लावायचेच असतील तर नवी वही आधी पूर्ण भरून, डिगने ताडून, मगच.

बदलायच्या आधी नव्या सर्व्हरवर साइट चालते का हे कसं बघायचं? आपल्या कॉम्प्युटरवर होस्ट्स नावाची एक फाइल असते. तिच्यात नवा आयपी आणि डोमेनचं नाव अशी एक ओळ लिहिली की फक्त तुमच्या मशीनपुरती साइट नव्या ठिकाणी उघडते, बाकी जगाला जुनीच दिसते. ही फाइल म्हणजे जुन्या काळाची खूण. डीएनएस यायच्या आधी आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरच्या सगळ्या मशीनची नावं एका फाइलमध्ये असायची, ती स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जायची आणि बाकीचे तिथून उतरवून घ्यायचे. मशीन वाढली, फाइल आवरेना, तेव्हा 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला. काम झालं की होस्ट्समधली ती ओळ मात्र काढा. मी एकदा विसरले, आणि सर्व्हर पुन्हा बदलल्यावर दोन तास 'माझ्याकडेच का उघडत नाही' म्हणून राउटरला शिव्या घातल्या.

बाकी गोष्टींवर नवशिके फार वेळ घालवतात. शेअर्ड, म्हणजे अनेकांत वाटलेला सर्व्हर घ्यावा, की व्हीपीएस, म्हणजे फक्त आपल्यापुरता आभासी सर्व्हर? शेअर्ड घ्या. एका आयपीवर शेकडो साइट गुण्यागोविंदाने नांदतात, कारण ब्राउझर प्रत्येक विनंतीत कुठली साइट हवी ते नाव सांगतो. व्हीपीएस घेतलात की अपडेट, फायरवॉल, सगळं तुमच्या गळ्यात, आणि पहिल्याच दिवशी लॉगमध्ये पोर्ट 22 वर, म्हणजे सर्व्हरमध्ये दुरून शिरायच्या दारावर, अनोळखी लोक पासवर्ड आजमावताना दिसतील. घाबरू नका, ते सगळ्यांनाच दिसतात. 'अनलिमिटेड' या शब्दावर मात्र विश्वास ठेवू नका. जागा अमर्याद असली तरी फाइलींच्या संख्येला मर्यादा असते, तिला आयनोड मर्यादा म्हणतात, आणि ती अटींच्या मजकुरात खाली कुठेतरी दडलेली असते.

होस्टिंगबरोबर फुकट मिळणारं डोमेन घेऊ नका, यावर मी हटवादी आहे. डोमेन स्वतःच्या नावावर, वेगळ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) ठेवा. आणि त्या खात्याला दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नको. मेल बंद पडला की पासवर्ड बदलायची लिंकही त्याच बंद मेलबॉक्समध्ये जाते. हसू नका, असं करून बसलेले लोक मी पाहिलेत.

बॅकअप होस्टिंगवाल्याच्या भरवशावर सोडू नका. 10 मार्च 2021 ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक इमारत पूर्ण जळाली, आणि ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांच्यातल्या अनेकांचा डेटा कायमचा गेला. एक प्रत आपल्याकडे उतरवून ठेवा.

हे सगळं वाचून छातीत धडधडत असेल तर सांगते, यातलं जवळजवळ सगळं दुरुस्त होतं. साइट दोन तास बंद राहिली म्हणून कोणी मरत नाही. परत गेलेला मेल मात्र आपल्या हातात राहत नाही, म्हणून त्याच्यावर एवढं लिहिलं.

अजून एक शेपूट राहिलं. एमएक्स दुरुस्त झाला, मेल सुरळीत झाले, मी निर्धास्त. तीन आठवड्यांनी संस्थेतून विचारणा: साइटवरच्या संपर्क फॉर्ममधून हल्ली कोणीच कसं काही विचारत नाही? फॉर्म भरून पाहिला. 'आपला संदेश पोचला आहे.' पोचला कुठे? नव्या सर्व्हरच्या पॅनेलमध्ये ईमेल रूटिंग नावाची एक सेटिंग होती, ती 'लोकल' वर. म्हणजे सर्व्हर अजूनही समजत होता की या डोमेनचा मेल आपल्याच घरचा. फॉर्म चालतो त्याच सर्व्हरवर, त्यामुळे तो बाहेर एमएक्स विचारायलाही गेला नाही. त्या नावाचा मेलबॉक्स नाही म्हणून मेल जागच्या जागी परत फिरवत राहिला, आणि परत फिरलेले ते मेल खात्याच्या मूळ मेलबॉक्समध्ये टाकत राहिला, जो मी कधी उघडलाच नव्हता. उघडला. एकोणीस संदेश होते. त्यातल्या एकीने तीनदा लिहिलं होतं, तिसऱ्यांदा फक्त "कृपया उत्तर द्या".

सेटिंग 'रिमोट' केली, एकोणीसही संदेश संस्थेला पाठवले, सोबत माझी माफी. आता कुठलीही साइट हलवली की बाहेरच्या पत्त्यावरून एक मेल पाठवते, मग साइटवरचा फॉर्म स्वतः भरते, आणि दोन्ही समोरच्या माणसाच्या इनबॉक्समध्ये दिसले असं त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय जुनं होस्टिंग बंद करत नाही.