सरकारी जंगलातल्या वणव्याचं नियोजन गावासोबत करताय? या चुका टाळा

फेब्रुवारी लागला की कोकणात तिन्हीसांजेला डोंगराकडे बघायची सवयच होऊन जाते. सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळपठारावर, लाल रेघ दिसली की पहिला प्रश्न ठरलेला, "कुठल्या वाडीच्या वर हाय?" दुसरा, "लावलान कोणी?" आग अडवायची कुठे हे आधी ठरलं होतं का, आणि ठरवताना गावाला कोणी विचारलं होतं का, हे मात्र कोणी विचारत नाही. आमच्या गावच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीत मी काही वर्षं आहे. खाली लिहिलेल्या चुकांपैकी निम्म्या आम्हीच केल्यात.

धूर दिसल्यावर बैठक

वनखात्याच्या हिशेबात आगीचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून. त्याआधी जाळरेषा तयार हव्यात, म्हणजे ठरलेल्या पट्ट्यातलं गवत कापून किंवा जाळून तो पट्टा मोकळा झालेला हवा. हे काम डिसेंबर-जानेवारीचं. मग कुठला पट्टा, किती मजूर, पैसे कुठून, हे दिवाळीच्या आसपास ठरायला नको का?

आता ग्रामसभेच्या तारखा बघा: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. वणव्याचा विषय हमखास 26 जानेवारीला निघतो, कारण तेव्हा वाळलेलं गवत डोळ्यांसमोर असतं. तोवर उशीर झालेला असतो. 1 मेला तर नुसती राखेवर चर्चा. कामाची सभा एकच, 2 ऑक्टोबरची. विषयपत्रिकेवर विषय यावा म्हणून सप्टेंबरातच ग्रामसेवकाकडे लेखी द्या. "ऐनवेळच्या विषयां"त ढकलला गेला तर तो निघेपर्यंत निम्मी सभा चहाला उठलेली असते.

सभेला माणसंच जमत नाहीत, ही तक्रार खरी आहे. गणपूर्तीला 15 टक्के किंवा 100 मतदार, यातला कमी आकडा लागतो, आणि आमच्याकडे निम्मे मतदार मुंबईत. यावर आम्हाला सापडलेला उपाय म्हणजे गणपती. चाकरमानी घरी असतात, ज्यांच्या बागा जंगलाला लागून आहेत ते मालकही असतात. आरतीनंतर वाडीवाडीत अर्धा तास बसायचं, कच्चं ठरवायचं आणि तेच पुढे ग्रामसभेत मांडायचं. शिमग्याला हे करायला जाऊ नका. तेव्हा पालखी नाचत असते आणि डोंगर आधीच पेटायला लागलेला असतो.

भाजावळ करणाऱ्याला बाहेर ठेवणं

आमची सगळ्यात मोठी चूक ही. पहिल्या बैठकीला सरपंच, पोलीस पाटील, दोन शिक्षक आणि वनखात्याची माणसं. फळ्यावर मोठ्या अक्षरात "आग लावू नका". ज्यांच्या हातात दरवर्षी काडी असते, त्यातलं एकही माणूस नव्हतं. येणार कशाला, ओरडा खायला?

भाताचा तरवा, म्हणजे रोपं, टाकायच्या जागेवर शेण, कवळ (तोडलेल्या फांद्या), पातेरा (सुका पाला) आणि गवत यांचे थर रचून जमीन भाजतात. हीच भाजावळ, यालाच राब म्हणतात. त्याने तणाचं बी मरतं, रोप जोमदार येतं. एका फलकाने ही रीत बंद होणार नाही, आणि व्हावी असं मला वाटतही नाही. राब वणवा नसतो, पण सुटला तर वणवा होतो. म्हणून दुसऱ्या वर्षी प्रश्न बदलला. "भाजावळ करता का?" असं न विचारता "भाजावळ कधी करणार?" असं विचारलं. वाडीवार दिवस लिहून घेतले. जंगलाच्या कडेच्या शेतांना एकेक सकाळ ठरवून दिली आणि आदल्या दिवशी वनरक्षकाला फोन करायचं ठरलं.

सकाळच का? किनाऱ्यालगत दुपारी खारा वारा सुटतो आणि तो समुद्राकडून डोंगराकडे वाहतो. आग तशीही चढावर जोरात पळते, त्यात वारा मागून आला की संपलंच. पहाटे दव असतं, रात्रीचा मतलई वारा पडत आलेला असतो. दहाच्या आत पेटवून, विझवून, राखेवर पाणी मारून घरी. दुपारी जेवण करून "आता जरा काडी लावतो" म्हणणारा एखादा असतोच. त्याच्यासाठी नियम हवा, आणि नियम करताना तोही तिथे बसलेला हवा.

हेच गुराख्यांचं, मधवाल्यांचं, काजूखालचं गवत जाळून बी वेचणाऱ्यांचं. रायगड-ठाण्याकडे कातकरी आणि ठाकरवाड्यांना वगळून जंगलाचा आराखडा करणं म्हणजे घरधन्याला न विचारता घर शाकारण्यासारखं आहे. वनहक्क कायदा 2006 नुसार जिथे सामूहिक वनहक्क मिळालेत, तिथे त्या जंगलाचं रक्षण आणि व्यवस्थापन करायचा अधिकारच ग्रामसभेचा आहे. तिथे विचारणं ही मेहेरबानी नव्हे.

आणि बायका. आमच्याकडे एकदा देवळाच्या फरशीवर खडूने डोंगराचा नकाशा काढला होता. खात्याने सुचवलेली जाळरेषा वरच्या धारेवरून जात होती. मागे खांबाला टेकून बसलेली एक आजी, आयुष्यभर तिथून गवताचे भारे आणणारी, उठली आणि पायाच्या अंगठ्याने फरशीवर एक वाकडी रेघ दाखवलीन. "ती तुमची वरची रेघ काय कामाची? आग पऱ्यातनं चढते." पऱ्या म्हणजे ओढा, उन्हाळ्यात कोरडा, दोन्ही काठांना झुडपं, आणि खालून वारा थेट त्यातून वर येतो, धुराड्यासारखा. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं तर मागच्या वर्षीची काळी खोडं बरोब्बर पऱ्याच्या दोन्ही अंगाला. रेषा बदलली. गार्डसाहेबांनीच आजीला चहा पाजला.

"ती जमीन आमची नाही"

आग सातबारा वाचत नाही, माणसं वाचतात. राखीव वन, संरक्षित वन, महसूल खात्याची पड जमीन, गायरान, 1975 च्या खाजगी वने संपादन कायद्यात गेलेले तुकडे, सिंधुदुर्गात वनसंज्ञेचं (खाजगी जमिनींवर कागदोपत्री लागलेल्या 'वन' नोंदीचं) भिजत घोंगडं, आणि मधे मधे आंबा-काजूच्या खाजगी बागा. रत्नागिरीत तर सरकारी जंगल थोडं आणि खाजगी जास्त. वनखात्याने फक्त आपल्या हद्दीपुरता आराखडा केला तर जाळरेषा बांधापाशी संपते आणि पलीकडे पुरुषभर गवत उभं असतं.

म्हणून बैठकीला तलाठी हवा, लागून असलेले बागायतदार हवेत. बागेवरून तारा जात असतील तर वीजवाला लाइनमनही हवा, कारण लोंबत्या तारांची ठिणगी ही आमच्याकडची नेहमीची कटकट. सगळ्या जमिनी एकाच कागदावर काढा आणि प्रत्येक तुकड्यासमोर सफाई कोण करणार ते लिहा. वाद असलेल्या तुकड्यासमोर "वाद" लिहा, पण गवत कोण कापणार ते ठरवूनच उठा.

गोड ठराव

"वणवे रोखण्यासाठी सर्वांनी सहकार्य करावे, असे सर्वानुमते ठरले." असल्या ठरावाने गवताची एक काडी हलत नाही. असा लिहा: अमुक कंपार्टमेंटमध्ये (वनखात्याने नंबर देऊन पाडलेल्या जंगलाच्या तुकड्यात) पऱ्याच्या काठाने जाळरेषा घ्यावी, ती 31 जानेवारीपूर्वी पूर्ण व्हावी, मजुरी समितीमार्फत गावातल्याच लोकांना द्यावी, हंगामात गावातले दोन अग्निरक्षक नेमावेत, आणि वनक्षेत्रपालांनी लेखी कळवावं. कंपार्टमेंट नंबर वनरक्षकाकडून घ्या. तो नसेल तर वरच्या टेबलावर कागद कुठे लावायचा हेच कळत नाही.

हीच मागणी समितीच्या सूक्ष्म आराखड्यात, म्हणजे गावापुरत्या आराखड्यात, घाला. वनविभागाची कार्य आयोजना, म्हणजे जंगलातल्या कामांचा मोठा आराखडा, साधारण दहा वर्षांची असते. ती नव्याने लिहिली जात असेल तर तिथेही निवेदन द्या, नाहीतर "आयोजनेत नाही" हे उत्तर पुढची बरीच वर्षं ऐकावं लागेल. तोंडी विचारून आराखडा बघायला मिळत नसेल, तर माहिती अधिकाराचा अर्ज आणि 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट. उत्तराला 30 दिवस. आम्हाला एकदा असाच मिळाला, आणि त्यात आमच्या डोंगरावर दाखवलेली एक जाळरेषा आम्ही कधी पाहिलीच नव्हती.

कलमाने सुरुवात

राखीव जंगलात आग लावणं भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 26 खाली गुन्हा आहे. जंगलातून चराई किंवा वनोपजाचा हक्क घेणाऱ्याने आग विझवायला मदत करणं कलम 79 नुसार बंधनकारक आहे. लोकांना हे माहीत असावं, पण बैठकीच्या शेवटी. सुरुवातच कलमाने केली की पुढची आग कोणी कळवत नाही. कळवणाराच पहिला संशयित ठरतो, असं लोकांना वाटतं, आणि आमच्याकडे एकदा तसं झालंही.

मोबाईल सांगेल या भरवशावर राहणं

भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीचे इशारे देते, नोंदणी केली की मेसेज येतो. चांगली सोय आहे. पण त्यातल्या एका यंत्रणेचा एक ठिपका 375 मीटरचा असतो, दुसरीचा एक किलोमीटरचा, आणि उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळी डोक्यावरून जातो. चार वाजता लागून सात वाजता सडा खाऊन संपलेली गवताची आग त्याला दिसेलच असं नाही. सड्यावर उभा असलेला गुराखी जास्त भरवशाचा. त्याच्याकडे वनरक्षकाचा नंबर आहे का, ते बघा. वनखात्याची हेल्पलाइन 1926 देवळाच्या भिंतीवर रंगवून ठेवा.

पोरांना तसंच पाठवणं

नायलॉनची टी-शर्ट, पायात स्लिपर आणि हातात हिरवा टाहाळा. असं डोंगरावर कोणी जायचं नाही. सुती कपडे, बूट, पाणी, आणि परत यायची वाट आधी पाहिलेली. आगीच्या वरच्या बाजूला चढावावर उभं राहायचं नाही, बाजूने झोडपत जायचं. ब्लोअर असेल तर तो चालवणारा शिकलेलाच हवा, नाहीतर पेटता पातेराच पुढे उडवला जातो. कोण जाणार त्यांची नावं आराखड्यातच लिहून ठेवा.

शेवटी एक वही. आग कुठे लागली, किती वाजता, वारा कुठला, कुठे थांबली आणि कशामुळे थांबली. कोणी लावली हा रकाना आम्ही दोन वर्षांपूर्वी काढून टाकला. तेव्हापासून वहीत नोंदी वाढल्यात, आणि यंदा गणपतीत नकाशा काढताना तीच वही फरशीवर मधोमध उघडून ठेवली होती.