शिबिरात सेवा करायला येताय? आधी चपला मोजायला शिका

एप्रिल लागला की फोन सुरू होतात. "मावशी, यंदा मलापण घ्या ना शिबिरात. युवकांमध्ये सेवा करायची आहे." कॉलेजातली पोरं-पोरी असतात, गिटार येत असतं, बायबलची वचनं पाठ असतात. मी विचारते, "जुलाब झालेल्या मुलाची चादर धुशील का?" पलीकडे जरा शांतता. जे हसून हो म्हणतात त्यांना घेते. जे "प्रभूसाठी काहीही, मावशी" म्हणतात त्यांनाही घेते, पण त्यांच्यावर नजर ठेवते.

मी नर्स आहे. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं, जिभेला अजून वळण नाही) आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांचं युवक शिबिर दर मे महिन्यात भरतं. पाच दिवस, ऐंशीच्या आसपास मुलं, वय तेरा ते सतरा, आणि जागा म्हणजे सुट्टीत रिकामं पडलेलं एका शाळेचं बोर्डिंग. औषधांची पेटी घेऊन पहिल्यांदा गेले तेव्हा मुलं ताई म्हणायची. आता मावशी. गेल्या वर्षी एकाने आजी म्हणून पाहिलं, त्याला मी पातेली घासायला बसवलं.

पहिल्या वर्षीची माझी फजिती आधी सांगते. संध्याकाळच्या उपासनेत एक मुलगी रडायला लागली. आम्ही चौघींनी तिला बाजूच्या खोलीत नेलं, डोक्यावर हात ठेवले आणि प्रार्थना केली. एक झाली, दुसरीने सुरू केली, तिसरीने गीत धरलं. तासभर चाललं असेल. मुलगी आणखीच रडतेय, आम्हाला वाटतंय पवित्र आत्मा काम करतोय. शेवटी ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, पोटात फार दुखतंय. पाळी आलीय, आणि सकाळच्या एसटीपासून काही खाल्लं नाही." मी नर्स! तासभर हात ठेवून उभी होते आणि एक प्रश्न विचारला नव्हता. पॅड दिलं, गरम पाण्याची बाटली दिली, वरण-भात कालवून दिला. खाऊन झोपली. सकाळी सगळ्यांच्या आधी अंगणात हजर.

म्हणून नव्या गटप्रमुखांच्या पहिल्या बैठकीत मी बायबलमधला १ राजे १९ हा अध्याय वाचायला लावते. एलीया संदेष्टा झुडपाखाली "आता पुरे, माझा जीव घे" म्हणत आडवा होतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी उशाशी ठेवतो, ऊठ, खा म्हणतो. तो खाऊन परत झोपतो, तर झोपू देतो. मग दुसऱ्यांदा खायला घालतो. होरेब डोंगरावर देव त्याच्याशी बोलतो, ती गोष्ट त्याच्यानंतर. रडणारं मूल दिसलं की तुम्ही याच क्रमाने जायचं: जेवलास का, झोपलास का, कुठे दुखतंय का. मग प्रार्थना.

पहिला दिवस, नोंदणीचं टेबल

नावं लिहायला हुशार माणूस बसवू नका, चौकस माणूस बसवा. आईवडिलांची सही, दोन फोन नंबर, चालू औषधं, दमा, फिट येते का, कशाची ॲलर्जी. पालक तोंडावर "काही नाही" म्हणतात आणि एसटी सुटताना खिडकीतून ओरडतात, "त्याला रात्रीची गोळी द्या बरं का!" म्हणून मी फाटकाशीच उभी असते.

शेजारच्या वस्तीवरची मुलं खेळायला येतात, त्यात सगळ्या धर्मांची असतात. खेळू द्या, जेवू घाला. पण मुक्कामाला राहायचं असेल तर घरच्यांची लेखी परवानगी हवीच, आणि हे ख्रिस्ती शिबिर आहे, इथे रोज प्रार्थना आणि शास्त्रपाठ होतो, हे त्यांना समोर बसवून सांगितलेलं हवं. प्रार्थनेच्या वेळी ज्याला बसायचं नाही त्याने स्वयंपाकघरात यावं. लसूण सोलायला माणूस लागतोच.

एका गटात आठ मुलं. त्याहून जास्त घेतली की नावं लक्षात राहत नाहीत, आणि ज्याचं नाव तुम्ही चुकवता ते मूल पुढचे चार दिवस तुम्हाला काही सांगत नाही.

रात्री डोकी मोजू नका. चादरीखाली उशी ठेवून डोकं बनवायची कला तेरा वर्षांच्या पोराला उपजत असते. दाराबाहेरच्या चपला मोजा. चपला कमी म्हणजे कोणीतरी बाहेर. चपला जास्त म्हणजे दुसऱ्या खोलीतलं कोणीतरी आत. अकरा वाजता एकदा, एक वाजता एकदा. मागे एकदा एक जोड कमी निघाला. बॅटरी घेऊन फिरले, तर एक मुलगा पायऱ्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेर झोपत होता, आणि आई घरी एकटी होती. मी खालच्या पायरीवर बसले. दहा मिनिटं दोघंही गप्प. मग त्याने विचारलं, "तुमच्याकडे फोन आहे का?" रात्रीचे साडेअकरा. लावला. "आये, जेवलीस का?" एवढंच बोलला आणि जाऊन झोपला. मोबाईल जमा करायचा नियम माझाच आहे, तरी लावला. नियम कधी वाकवायचा हे वहीत लिहिता येत नाही.

ऊन, पाणी, विंचू

मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. मैदानी खेळ सकाळी साडेनऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर. दुपारी एक ते चार सक्तीची विश्रांती. दरवर्षी एखादा उत्साही वक्ता "दुपारी एक जादा सत्र घेतो" म्हणतो, त्याला सरबत देऊन झोपायला पाठवायचं. माठ प्रत्येक खोलीबाहेर. गळालेल्या मुलासाठी ओआरएसची पाकिटं पेटीत असू द्या. संपली तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. अंदाजपंचे नको, मीठ जास्त झालं तर अपाय होतो.

विहीर आणि शेततळं या दोन ठिकाणी माझं कोणाशी बोलणं होत नाही, थेट बंदी. विहिरीची भीती सगळ्यांना असते, शेततळ्याची नसते, आणि तिथेच घात होतो. खाली अंथरलेला प्लास्टिकचा कागद ओला झाला की तेलकट होतो. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही काठावर पाय रोवता येत नाही.

जमिनीवर गाद्या टाकून झोपणार, म्हणजे मण्यार लक्षात ठेवा. ती रात्री निघते, झोपलेल्याला चावते, आणि चावल्याचं पुष्कळदा कळतही नाही. पहाटे एखादं मूल पोटात दुखतंय म्हणालं आणि त्याच्या पापण्या जड होऊन मिटायला लागल्या, तर अपचन समजून ओवा देत बसू नका. १०८ ला फोन लावा. चावलेला भाग हलू द्यायचा नाही. दोरीने आवळायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. गाद्या भिंतीपासून हातभर लांब, मच्छरदाणी गादीखाली खोचलेली, आणि लघवीला जाताना बॅटरी.

विंचवाचंही तसंच. नुसती आग होणं वेगळं. पण दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, उलट्या असं दिसलं की लगेच दवाखाना. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून विंचूदंशाने दगावणारी माणसं वाचवली, हे आम्ही नर्सिंगवाल्या अभिमानाने सांगतो. पण ते औषध डॉक्टरांनी द्यायचं. तुमचं काम एवढंच, की मूल मंत्र घालणाऱ्याकडे न नेता त्यांच्यापर्यंत वेळेत न्यायचं. आणि सकाळी बूट झटकून घालायचे.

शास्त्रपाठ

गटात तुम्ही बोलायचं कमी. उतारा एकच घ्या आणि मुलांना त्यांच्या बोलीत गोष्ट सांगायला लावा. एका वर्षी लूक १५, उधळ्या पुत्राची गोष्ट होती: धाकटा बापाची मालमत्ता उडवून परत येतो, बाप त्याच्यासाठी मेजवानी करतो, आणि घरी राबणारा थोरला रुसतो. पाथर्डीकडचा एक मुलगा, आईवडील ऊसतोडीला जाणारे. तो म्हणाला, "थोरल्याचं काय चुकलं? त्यानी रानात राबायचं, अन् त्याला कधी एक करडूबी नाही. मी म्हातारीपाशी राहून शेरडं राखतो, धाकटा माझ्या मामाकडं शाळंत. घरी आला की कोंबडं त्याच्यासाठी कापत्यात." गटप्रमुख तरुण होता, लगेच "पण बघ, देवाची कृपा..." असं सुरू करणार, तेवढ्यात मी मागून त्याचा शर्ट ओढला. बाकीच्या मुलांनीच त्याला प्रश्न विचारायला सुरुवात केली. तू बापाला कधी बोललास का? नाही. का नाही? अर्धा तास गेला. नीट पाहा, त्या गोष्टीतला बापही थोरल्यासाठी घराबाहेर येतो, त्याची समजूत घालतो. थोरला आत गेला की नाही हे येशू सांगतच नाही. हे त्या मुलाने स्वतः शोधलं. गटप्रमुखाने सांगितलं असतं तर ते उत्तर झालं असतं, शोध नाही.

गाण्यांचंही थोडं ऐका. हिंदी-इंग्रजी गाणी चालू द्या, पोरांना आवडतात. पण "उपासना संगीत" हे आपलं मराठी गीतांचं पुस्तक सामानात असू द्या. रेव्हरंड ना. वा. टिळक याच नगरला राहून गेले, आणि त्यांच्या पदांना ढोलकी-टाळ लागतात, वीज लागत नाही. मे महिन्यातल्या संध्याकाळी वीज असतेच असं नाही.

शेवटची रात्र

इथे माझं आणि काही पाळकसाहेबांचं पटत नाही, ते उघड सांगते. शेकोटी, मंद गिटार, पाच दिवसांची अपुरी झोप, आणि व्यासपीठावरून "ज्यांनी आज निर्णय घेतलाय त्यांनी हात वर करा." शेजारचा करतो म्हणून हात वर जातो. दुसऱ्या दिवशी अहवालात आकडा. मला तो आकडा नको असतो. आमच्याकडे आता त्या रात्री कोरा कागद आणि पेन्सिल देतात. लिहायचं असेल ते लिही, घडी घालून स्वतःजवळ ठेव. कोणाशी बोलायचं असेल तर सकाळी, नाश्त्यानंतर, पोट भरलेलं असताना.

कागद हातात आला की काही मुलं भलतंच सांगायला येतात. घरातल्या कोणाचा तरी त्रास, कोणाचे तरी नको ते हात. "कोणाला सांगणार नाही" असं वचन कधीच देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. शांतपणे ऐका, खोदून खोदून विचारू नका, त्याचेच शब्द लिहून ठेवा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मदतीला मुलांची हेल्पलाइन १०९८ आहे. "मंडळीची बदनामी होईल, कमिटीत मिटवू" असं म्हणणारा कोणीतरी भेटतोच. त्याचं ऐकायचं नाही, तो कितीही पांढरे केस घेऊन आला तरी. आणि तुम्ही स्वतः कोणत्याही मुलाशी बंद दाराआड एकटे बसायचं नाही. बोलणं व्हरांड्यात, लोकांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी.

तुमचं स्वतःचं: रोज सहा तास झोप, पाळ्या लावून. तिसऱ्या दिवशी तुम्ही मुलांवर खेकसायला लागाल, हे धरूनच चाला. तेव्हा स्वयंपाकघरात या, आचाऱ्याजवळ बसा, चहा घ्या. आमचा आचारी शिबिरातलं सगळ्यात कमी बोलणारं माणूस, आणि मुलं जाताना सगळ्यात आधी त्याच्याच पाया पडतात. हुलग्याची शेंगोळी करतो तो, विचारू नका.

निघायच्या दिवशी प्रत्येक मुलाच्या गावच्या पाळकांचा नंबर वहीत आहे ना बघा. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर आठही जणांना एकेक फोन करा. "प्रार्थना करतोस का?" असं विचारू नका. वर्गशिक्षक कोण आलेत, पाऊस झाला का, हे विचारा. बाकीचं ती स्वतः सांगतात, किंवा नाही सांगत.

शेवटची एसटी गेली की खोल्या झाडून घ्या, गाद्या मोजा, राहिलेल्या वस्तू पोत्यात भरा. टॉवेल, टिफिनची झाकणं, एखादी चप्पल. गेल्या मेमध्ये डाव्या पायाची निळी स्लीपर उरली. ऐंशी घरी फोन केले. प्रत्येकाच्या दोन्ही चपला घरी होत्या. अजून माझ्या गाडीच्या डिकीत आहे.