गरोदरपणात झिका झाला होता? बाळाच्या नजरेबाबत या चुका टाळा

2015 मध्ये ईशान्य ब्राझीलमध्ये, विशेषतः रेसिफे शहराच्या परिसरात, लहान डोक्याची बाळं मोठ्या संख्येने जन्मू लागली. गरोदरपणी आईला झालेली, डासांमुळे पसरणाऱ्या झिका विषाणूची लागण हे त्याचं कारण निघालं आणि झिकाचं नाव जगभर पोचलं. आपल्याकडे 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला झिकाचा रुग्ण सापडला आणि 2024 मध्ये पुण्यात गरोदर बायकांनाही लागण झाल्याचं आढळलं. डोक्याच्या घेराची चर्चा भरपूर झाली, नजरेची मात्र फारशी झाली नाही.

‘डोकं नीट आहे, म्हणजे डोळेही नीट’

रिओ दि जानेरोमध्ये, आईला झिका झाल्याचं चाचणीत सिद्ध झालेल्या 112 बाळांचे डोळे तपासले. 24 जणांमध्ये दोष सापडले आणि त्यातल्या 10 जणांचं डोकं लहान नव्हतं. दृष्टिपटलावरचे, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यावरचे डाग किंवा दृष्टीच्या नसेतला दोष बाहेरून दिसत नाही. त्यामुळे पहिल्या महिन्यातच थेंब घालून, बाहुली मोठी करून तपासणी करून घ्या. ‘मला तर तापच आला नव्हता’ हेही कारण नको. झिकाच्या बहुतेक रुग्णांना लक्षणं जाणवतच नाहीत.

‘हाक मारली की बघतो’

घरोघरी होणारी ही चूक. बाळ आवाजाकडे वळतं आणि आपण ते नजरेच्या खात्यात जमा करतो. खुळखुळा न वाजवता, तोंडातून चकार शब्द न काढता समोर या. तीन महिन्यांचं बाळ चेहऱ्यामागे नजर फिरवत नसेल किंवा चार महिन्यांनंतरही तिरळेपणा दिसत असेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणत थांबू नका.

‘पडदा चांगला आहे, आता काळजी नाही’

काही मुलांचा डोळा निर्दोष असतो, पण मेंदूला चित्राचा अर्थ लावता येत नाही. अशी नजर सकाळी बरी, संध्याकाळी दमलेली असते. मूल आळशी किंवा हट्टी आहे असं वाटतं, पण तसं नसतं. अशा वेळी खेळण्यांचा ढीग समोर ओतला तर ते डोळे फिरवून घेतं. साध्या, एकरंगी चादरीवर एकच लाल किंवा पिवळी वस्तू ठेवा, ती किंचित हलवा, टीव्ही बंद करा आणि थांबा. खरंच थांबा, प्रतिसाद यायला बराच वेळ लागू शकतो. घाई आपल्यालाच असते.

‘एवढ्याशा जिवाला चष्मा?’

रेसिफेच्या नेत्रतज्ज्ञांना दिसलं, की गरोदरपणात झिकाची बाधा झालेल्या बऱ्याच मुलांना जवळच्या वस्तूवर नजर जुळवता येत नाही. योग्य चष्मा लावल्यावर त्यांना जवळचं अधिक चांगलं दिसू लागलं. बाळाला अक्षरं वाचता येत नसली तरी डोळ्यात उजेड टाकून नंबर काढता येतो. मूल चष्मा ओढून काढतं, म्हणून तो कपाटात जाऊ देऊ नका. मागे इलॅस्टिकचा पट्टा लावा आणि जेवताना, खेळताना थोडा थोडा वेळ घाला.

पहिला रिपोर्ट चांगला आला तरी पुढची तारीख डॉक्टरांकडून लिहूनच घ्या, कारण नंबर आणि तिरळेपणा नंतरही उद्भवू शकतात.