मरळीतले जंत: बोटुकली (बोटाएवढी माशाची पिल्लं) सोडण्याआधीची कामं

विकायला काढलेली मरळ चिरली आणि मांसात लाल दोऱ्याची गुंडाळी निघाली, की ते गिऱ्हाईक गेलंच समजा. सुरीच्या टोकाने डिवचलं की गुंडाळी उलगडते, वळवळते. हा युस्ट्राँजिलिडीस, गोलकृमी. माशात त्याची फक्त अळी असते. वयात येतो तो बगळा-पाणकावळ्याच्या पोटात. पक्ष्याच्या विष्ठेतून अंडी तळ्यात पडतात, ती गाळातले ट्युबिफेक्स किडे खातात आणि किडे मासा खातो.

दुसरा कॅमॅलॅनस. हा आतड्याला चिकटून रक्त पितो, कधी गुदद्वारातून लाल धाग्यासारखा लोंबतो. त्याला माशापर्यंत पोचवतो सायक्लॉप्स, पाण्यातला अगदी बारीक जीव. नारू रोगाच्या काळात पाणी फडक्याने गाळून प्या म्हणायचे, ते याच सायक्लॉप्समुळे. देश २००० साली नारूमुक्त ठरला, सायक्लॉप्स मात्र तळ्यात आहेच. त्याला मारत बसू नका, कटल्याचं ते खाणं आहे.

काम करायचं ते गाळावर, मे महिन्यात. मातीचं तळं भेगा पडेपर्यंत वाळवा, वरचा काळा गाळ काढून शेतात टाका. मग चुना, हेक्टरी २०० ते २५० किलो, म्हणजे गुंठ्याला दोन-अडीच किलो. कोकणातल्या आंबट जमिनीत माती तपासून जास्त. प्लास्टिकच्या शेततळ्यात कुदळ-फावडं नको, खराट्याने गाळ ओढून घ्या.

मरळ, मागूर पाळणारे तलावातली बारीक मासळी कच्चीच टाकतात. माझ्या मते निम्मे जंत आपणच असे विकत आणतो. तरंगतं गोळी खाद्य द्या. मासळीच घालायची तर उकळून. नदी-नाल्यातलं फुकटचं मत्स्यबीजही नको. आणि काठावर मासे साफ करून आतडी पाण्यात ढकलायची सवय मोडा, खड्ड्यात पुरा. तळ्यावर पक्ष्यांसाठी जाळी ताणा.

शेळ्यांच्या जंताची बाटली तळ्यात ओतणारेही भेटतात. मांसात बसलेली अळी त्याने निघत नाही, मेली तरी मांसातच राहते. आतड्यातल्या जंतासाठी औषध खाद्यातून, वजनाच्या हिशेबाने आणि मत्स्य अधिकाऱ्याला विचारूनच द्या. विक्रीआधी किती दिवस थांबायचं तेही तेव्हाच विचारा.

घरी खाताना मासा आतपर्यंत शिजवा. जाड तुकडा बाहेरून खरपूस आणि काट्याजवळ कच्चा राहिला असेल, तर परत तव्यावर टाका.